रक्ताची डिग्री

औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून जे सांगितलं, ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्यांच्यासाठी सांगितलं होतं, त्यांनाही नाही. आता पन्नाशी उलटली आहे. लिहून टाकतो.

ते कोण, हे आधी सांगायला हवं. आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. तुम्ही सकाळी आमच्या दूध सोसायटीवरून गेला असतात, तर ते तुम्हाला दिसलेच असते. दाराशी लोखंडी टेबल, टेबलामागे स्टूल, आणि स्टुलावर डाव्या हाताचा अंगठा पुढं काढून बसलेला एक उंच, वाळका माणूस. कॅन उघडला की ते दुधात बोट बुडवायचे, अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवायचे आणि नख तिरकं करायचे. थेंब जागेवर बसला तर मान हलायची. ओघळला तर नजर दूध आणणाऱ्याच्या तोंडाकडं जायची.

"खरं सांग बे, पाणी किती?"

यंत्र नंतर. आधी नख, मग डिग्री. डिग्री म्हणजे दुधात सोडायच्या काचेच्या नळीवरचा आकडा. दूध घट्ट असलं की नळी वर तरंगते, पाणी घातलेलं असलं की खाली बुडते. गाव त्यांना डिग्रीमामा म्हणायचं. मी नुसतं मामा म्हणायचो. मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ते दूध तपासायचे, मी हिशेब लिहायचो, आणि दोघांच्या मधे एक पाण्याचा तांब्या असायचा.

जगातली प्रत्येक गोष्ट ते त्याच नळीनं मोजायचे. एकदा पुतणीसाठी स्थळ बघून आले. मी विचारलं, "पोरगा कसा आहे?"

"बी.ए. हाय म्हणतेत. लई डिग्रीचं पोरगं हाय म्हणतेत." मग माझ्याकडं वाकून म्हणाले, "सेक्रेटरी, त्यांची डिग्री हाय, आपली लागत न्हाई. पार पातळ बेणं हाय."

पातळ. हा त्यांच्या तोंडातला सगळ्यात वाईट शब्द. कुणी खोटं बोललं तर पातळ, पुढाऱ्याचं भाषण पातळ, लग्नातलं वरण पातळ, आणि पुढारी त्याच लग्नात आला असेल तर तोही पातळ. शिवी त्यांनी कधी दिली नाही. तिची गरजच पडायची नाही.

त्यांचं एक ऋण माझ्यावर आहे, ते इथंच सांगतो. एका वार्षिक सभेला चार-पाच सभासद उठून ओरडायला लागले, की ज्यावर दुधाचा भाव ठरतो ती फॅट सेक्रेटरी खातो, मशीनवर येते एक आणि लिहितो दुसरी. मी नवीन होतो, बोलता येईना. चेअरमन टेबलावरचं फूल कुस्करत बसले. तेव्हा मामा मागून उठले आणि सरळ माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"आकडा मी सांगतो, ह्यो लिवतो," ते म्हणाले. "चोर म्हणायचं आसंल तर दोघांला म्हणा. पण ह्यो माणूस पाणी घालणारातला न्हाई. म्या ह्याची डिग्री घेतलीया."

सभा हसली आणि विषय संपला. गावात माझ्या नावावर जो काही भरवसा जमा झाला, तो त्या एका वाक्यावर.

पुढं मामांना दम लागायला लागला. कॅन सरकवतानासुद्धा बसकण मारायचे. तपासण्या झाल्या, हृदयाची एक झडप खराब निघाली, औरंगाबादला ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. परत आले तेव्हा छातीतून टिकटिक ऐकू यायची. शांत बसलं तर टेबलाच्या पलीकडं मलाही यायची. मामा म्हणायचे, "आत मशीन बसवलंय. आता आपली बी डेअरी ऑटोमॅटिक."

त्यांना मूल नव्हतं. तपासणीला सोबत मीच जायचो. पहिल्याच तपासणीला मामा खाली औषधाच्या रांगेत उभे होते, आणि वर जिन्यात डॉक्टरांनी मला थांबवलं.

"तुम्ही ह्यांच्यासोबत काम करता ना? मग त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा," ते म्हणाले. "रक्त पातळ करायची गोळी आहे म्हटलं की लोकांना वाटतं, माणूस कमजोर होतो. तसं नाही. धातूच्या झडपेवर रक्त घट्ट झालं की गुठळी होते, झडप अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाते. ह्या माणसाचं रक्त पातळच राहिलं पाहिजे, आयुष्यभर. पालेभाजी रोज खातात तेवढीच, एकदम वाढवायची नाही. आणि ताकदीच्या पावडरी, पाल्याच्या गोळ्या, असलं काहीही मला विचारल्याशिवाय नाही. त्यानं ह्या गोळीचा असर जातो."

मी हो म्हणालो. खाली आलो. मामांनी विचारलं, "काय म्हणले?"

एस.टी. सुटायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "सगळं चांगलं आहे म्हणाले. गोळी चुकवू नका, पालेभाजी जपून खा."

त्या दिवशी माझ्या मनात पाप नव्हतं. नंतर निवांत सांगू, एवढंच होतं. पण गोळी रक्त पातळ करायची आहे हे मामांना औषधाच्या दुकानदारानं सांगून टाकलेलंच होतं, आणि गेवराई येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "सेक्रेटरी, जलमभर म्या पातळ दूध माघारी लावलं. आन् आता माझं रगत पातळ करायलेत. पैसे घेऊन!"

मी हसलो. तिथंच समजावून सांगायला हवं होतं. पण इतकं छान बोलले होते, की मी ते दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटलो.

मग सुरू झाले सल्ले. आपल्याकडं हृदयाचा पेशंट घरी आला की येणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. गेवराईचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, पालेभाजी भरपूर खा. पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, उपाशीपोटी लसूण खा. वडवणीच्या बाजारात झाडपाल्याच्या पुड्या विकणारा एक जण म्हणाला, अर्जुनाची साल उकळून घ्या आणि इंग्रजी औषध सगळं बंद करा. मामांच्या सासुरवाडीचा एक शिक्षक म्हणाला, तेल बंद, तूप चालू. दुसरा म्हणाला, तूप बंद.

"एका म्हशीला पाच जण पिळायला बसलेत," मामा म्हणायचे. "एक म्हणतो पालेभाजी लई खा. दुसरा म्हणतो जपून खा. जपून म्हंजी कशी? चोरून?"

ह्या सगळ्यात ते शेवटी माझ्याकडं बघायचे. "तुमी काय म्हणता, सेक्रेटरी? तुमी वर जाऊन ऐकून आलेत." आणि मी म्हणायचो, "गोळी तेवढी घेत राहा." गोळी ते घ्यायचे. तोंड वाकडं करून, पण घ्यायचे. मामी रोज समोर उभं राहून द्यायच्या.

त्यानंतर दुष्काळाची दोन वर्षं लागून आली. विहिरी गेल्या, टँकर सुरू झाले, जनावरं छावणीला गेली. ज्यांची गावात राहिली त्यांना नुसता कडबा. हिरवं म्हणून काही दिसेना, आणि दुधाची डिग्री लागेना. मामा नखावरचे ओघळणारे थेंब बघून चिडायचे.

"कावून रे, प्यायला पानी न्हाई आन् दुधात घालायला हाय?"

"मामा, आईची शपथ, घातलं न्हाई. चाराच न्हाई तर दूध कुटून घट्ट यील?"

हे खरं होतं, आणि मामांना ते माहीत होतं. हिरवा चारा तुटला की दूध पातळ होणारच. ते दूध माघारी लावताना मी त्यांना पहिल्यांदा खाली मान घातलेलं पाहिलं. रोजचं संकलन चार-सहा कॅनांवर आलं. माझा पगार थांबला.

त्याच काळात गेवराईच्या एका मंगल कार्यालयात मी एका कंपनीच्या मीटिंगला गेलो. टायवाला एक माणूस दोन तास बोलला. हिरव्या पाल्याची पावडर, त्यात सगळे व्हिटॅमिन, बीपीला चालते, शुगरला चालते, हार्टला तर हमखास. टाळ्या झाल्या. मी दोन डबे घेऊन एजंट झालो. टायवाल्यानं फसवलं, असं पुढं कैक वर्षं मी मनाशी म्हणत आलो. तो फसवतच होता. पण "हार्टला हमखास" हे शब्द त्यानं उच्चारले तेव्हा त्या गर्दीत एक माणूस असा होता, ज्याला जिन्यातलं बोलणं लख्ख आठवलं. मीही टाळी वाजवली.

मामांना डबा विकायचा माझा विचार नव्हता, एवढं मला म्हणू द्या. डबा टेबलावर होता. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, चिमूटभर नखावर ठेवली.

"हे काय हाय?"

"ताकदीची पावडर. पाला वाळवून करतात."

मामांचा चेहरा उजळला. "म्हंजी मानसाचा हिरवा चाराच की ह्यो! गायीला हिरवा भेटला की दूध घट्ट. मंग मानसाचं रगत कावून होनार न्हाई?" मग त्यांनी विचारलं, "मला चालंल का? खरं सांगा."

तुम्ही म्हणाल, ह्याला उत्तर एकाच शब्दाचं होतं. होतं. माझ्या हाताखाली अजून एक नाव लागत होतं, ते आलं की माझी कंपनीतली पायरी वर जाणार होती. मी म्हणालो, "पुष्कळ जण घेतात."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मी ते निवडलं.

मामींना कळलं तर डॉक्टरला विचारा म्हणून मागं लागतील, म्हणून डबा सोसायटीच्या कपाटात राहिला. संकलन संपलं, टेम्पो गेला, की मामा पेलाभर दुधात चमचाभर पावडर ढवळायचे. दूध हिरवं व्हायचं. पिऊन मिशा पुसत म्हणायचे, "गावात हिरवं रान आता फकस्त माझ्या पोटात हाय." त्यांना खरंच तरतरी वाटायची. चालणं सुधारलं. मला बरं वाटायला लागलं, की डॉक्टर उगाच भिववतात.

रक्ताची तपासणी गेवराईला व्हायची. एक दिवस मामा तिथून परतले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. भर दुष्काळात, सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी दिसेल त्याला पेढा दिला. मग आत आले.

"सेक्रेटरी, डिग्री लागली! तपासणारा म्हणला, मामा, रगत घट्ट झालंय."

"अजून काय म्हणाला?"

"डागदरला फोन करा म्हणला, गोळीचं कायतरी बदलावं लागंल. बदलायचं म्हंजी आता कमीच की!" त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. "खा. तुमच्या चाऱ्याचा पेढा हाय."

तो पेढा मी खाल्ला. सगळा खाल्ला. समोर छातीतून टिकटिक येत होती, मामा हसत होते, आणि औरंगाबादच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता.

"मंग आता ती पातळ करायची गोळी कावून घ्यायची?" त्यांनी विचारलं. "मी बंद करतो. तुमी काय म्हणता?"

बंद करू नका म्हणालो असतो, तर का, हे सांगावं लागलं असतं. का सांगितलं असतं, तर पावडर का दिली, हेही आलं असतं. ज्यांनी भर सभेत माझी डिग्री घेतली होती, त्यांच्यासमोर मला ते सांगायचं नव्हतं. मी म्हणालो, "बघा तुम्ही. थोडे दिवस बघा."

मामी घरी गोळी हातावर द्यायच्या, मामा ती गालात धरून ठेवायचे आणि सोसायटीच्या ओट्याच्या कडेला येऊन थुंकायचे. मला डोळा मारायचे.

काही आठवड्यांनी मामी सोसायटीत आल्या. त्या तिथं कधी येत नसत. पदर दातात धरून दारातच उभ्या राहिल्या. मामा टँकरपाशी गेले होते.

"भाऊ, एक इचारू? ह्यांच्या छातीतला आवाज बसलाय. पयले कसा खणखणीत यायचा. आता गोधडीत गुंडाळल्यावानी येतोय. मला तो आवाज आल्याबिगर झोप लागत न्हाई. डागदरला इचारता का?"

"विचारतो," मी म्हणालो. "धुळीनं छाती भरली असेल. इतकं काही नाही."

विचारलं नाही.

त्याच आठवड्यात संकलन चालू असताना मामांच्या हातातून काचेची नळी पडली. ते तिच्याकडं बघत राहिले. उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला गेलं. समोरचा दूधवाला म्हणाला, "मामा, फुटली की! आता आमचं पानी कोन धरनार?" लोक हसले. मग कुणीच हसलं नाही.

बीडला नेलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट विचारत होते. "झडपेची गोळी रोज घेत होते?"

"रोज," मामी म्हणाल्या. "माझ्या हातानं देत हुते."

"मग असं कसं झालं? पालेभाजी वाढली होती का मध्ये?"

मामींचा चेहरा पांढरा पडला. "भावानं मेथी आणलती. त्याच्या इकडं बोअरला पानी हाय. म्हणलं, लई दिस हिरवं खाल्लं न्हाई ह्यांनी. चार-पाच दिस केली, साहेब."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "दुसरं काही? ताकदीच्या पावडरी, झाडपाला?"

"न्हाई," मामी म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "दिसभर भाऊंपाशीच असतेत. भाऊ, हुतं का कायी?"

मामा खाटेवर जागे होते. बोलणं गेलं होतं, पण ऐकू येत होतं, समजत होतं. ते माझ्याकडं बघत होते. अजून राग नव्हता त्या डोळ्यांत. वाट होती. मी आता सांगेन, अशी त्यांना खात्री होती.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या बघण्यात तरी नाही."

मामा थोडा वेळ तसेच बघत राहिले. मग त्यांनी डोळे माझ्यावरून काढून भिंतीकडं नेले. त्यानंतर मी जितक्यांदा खाटेपाशी गेलो, तितक्यांदा ते भिंतीकडंच होते. मामींचा हात धरायचे, नर्सकडं बघायचे, वॉर्डात येणाऱ्या केळीवाल्याकडंही बघायचे. माझ्याकडं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ते गेले. खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांना काही वेगळं करता आलं असतं का, हे मला माहीत नाही. विचारायचं, तर आधी सांगावं लागलं असतं.

गावी परतल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे कपाटातला डबा कोरड्या विहिरीत टाकला. मग मातीला खांदा दिला. सगळे मला म्हणत होते, सेक्रेटरी, तुमी लई केलं त्यांचं. मामीही म्हणाल्या.

सोसायटी पुढं बंद पडली. पाऊस आला, बोअरला पाणी आलं, गावात पुन्हा दूध झालं, पण ते आता खाजगी डेअरीच्या गाड्या नेतात. मी किराणा दुकान टाकलं. मामी आठवड्याला येतात, तेल-मीठ नेतात. थकल्या आहेत. गेल्या महिन्यात माझी बायको त्यांना म्हणाली, "मामी, परसात मेथी लई झालीय, घिऊन जा दोन जुड्या."

मामींनी हात मागं घेतला. "नको गं बाई. म्या मेथी सोडली. शेपू सोडला, चवळी सोडली. त्यांला म्याच खाऊ घातली ना. डागदर जपून म्हणलता, तरी हौसेनं केली." मग माझ्याकडं बघून हळू म्हणाल्या, "भाऊंला माहीत हाय."

मी तराजूत साखर टाकत होतो. टाकत राहिलो.

बायकोनं नंतर विचारलं, "मामी असं कावून म्हणतेत?" मी म्हणालो, वय झालं.

मामांचं देणं आता फेडता येणार नाही, ते त्यांनी भिंतीकडं तोंड केलं तेव्हाच संपलं. मामींचं संपलेलं नाही. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून मी त्यांना एवढं सांगणं लागतो, की मेथीनं काही झालं नाही, डबा मी दिला होता, गोळी मामांनी मला विचारून सोडली होती, आणि डॉक्टरांनी मला सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांचं घर माझ्या दुकानातून दिसतं. मी अजून गेलेलो नाही.